राजमाचीची वाट आणि पायातले बूट

थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी कर्जत स्टेशनाबाहेर थोडा वेळ उभे राहावे. पाठीला सॅक लावलेली पोरे-पोरी लोकलमधून उतरतात, चहा-वडापाव घेतात आणि टमटममध्ये बसून डोंगराच्या दिशेने निघतात. पूर्वी या गर्दीत आपल्या वस्तीतील मुले क्वचितच दिसत. डोंगर चढणे हा भरल्या पोटाचा छंद, असे आपण म्हणत असू. आता चाळीतली, कामगार वसाहतीतली मुलेही निघू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांच्या पायांकडे नजर गेली की काळजी वाटते. कुणाच्या पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट, कुणाच्या पायात तळ गुळगुळीत झालेले स्पोर्ट शूज, तर कुणाच्या पायात नुसत्या चपला.

वाचक बंधू-भगिनींनो, हा लेख राजमाचीच्या वाटेविषयी आहे आणि त्या वाटेने माझ्या कुटुंबाला शिकवलेल्या एका धड्याविषयी आहे. तो धडा बुटांचा आहे. विषय साधा वाटेल. पण या साध्या गोष्टीपायी माझी मुलगी मोठ्या संकटातून थोडक्यात वाचली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर महिना होता. आमच्या वसाहतीतील नऊ जणांनी ठरवले की कर्जतहून कोंडाण्याची लेणी पाहून वर राजमाचीला चढायचे, रात्री उधेवाडीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी चालत लोणावळ्याला उतरायचे. कोंडाण्याची लेणी रायगड जिल्ह्यात, तर राजमाची पुणे जिल्ह्यातील मावळात. दोन दिवसांत माणूस कोकणातून घाटावर पोचतो, तोही पायी.

माझ्या पायात कंपनीचे सेफ्टी शूज होते. माझा हिशेब सरळ होता. कारखान्यात पायावर जड जॉब पडला तरी ज्यांच्या लोखंडी टोपीमुळे बोटे वाचतात, त्यांना डोंगराच्या दगडाची काय कथा? माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिच्या पायात तिच्या मामेभावाचे परदेशी बूट होते. त्याने ते कॉलेजच्या शिबिरासाठी घेतले, दोनदा घातले आणि खोक्यात घालून माळ्यावर ठेवले. सहा वर्षे ते तिथेच होते. दिसायला कोरे करकरीत. मुलीला एक नंबर मोठे होत होते, म्हणून पुढे कापूस कोंबला. फुकटात एवढे भारी बूट मिळाले म्हणून घरात सगळे खूश.

आमच्यासोबत शेजारचे काका होते. रेल्वेत गँगमन म्हणून त्यांनी तीस वर्षे रुळांच्या खडीवर पायपीट केली आहे. त्यांच्या पायात खाकी कॅनव्हासचे, घोट्याच्या वर येणारे साधे हंटर बूट. पोरे हसली.

"काका, हवालदार झालात की काय?"

काका म्हणाले, "हसा बाळांनो. उद्या लोणावळ्याला उतरल्यावर कोण हसतो ते बघू."

कोंडाण्याच्या लेण्यांत

कर्जतहून टमटमने कोंडिवड्याला उतरलो. तेथून उल्हास नदीच्या खोऱ्यातून वाट जाते. आधी भातखाचरे लागतात, मग रान दाट होते आणि तासाभराने कातळात कोरलेले भव्य चैत्यगृह एकदम समोर येते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. लाकडी घराच्या तुळया, कमानी आणि नक्षी जशीच्या तशी दगडात उतरवली आहे. शेजारी भिक्खूंचा विहार आहे, त्यात राहण्याच्या लहान खोल्या आहेत. चैत्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत एक छोटासा लेख आहे. कण्हाचा शिष्य बालक याने हे केले, एवढेच त्यात सांगितले आहे. हातात छिन्नी-हातोडा धरून पोट भरणाऱ्या माणसाला आपल्यासारख्याच एका कारागिराचे नाव तेथे वाचायला मिळते, तेव्हा ऊर भरून येतो.

बूट बाहेर काढून आम्ही आत वंदना घेतली आणि विहारात टेकलो. वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात ग्रंथवाचन असते आणि वाचायला बहुधा काकाच बसतात. पायाचा विषय निघालेलाच होता, तेव्हा त्यांनी विनयपिटकातील महावग्गाची गोष्ट सांगितली.

सोण कोळिविस हा चंपा नगरीतील मोठ्या श्रीमंत घरचा मुलगा. त्याचे तळवे अतिशय कोमल होते. भिक्खू झाल्यावर तो राजगृहाजवळच्या शीतवनात इतक्या जिद्दीने चंक्रमण करू लागला की पाय फुटून वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याला विचारले, तू पूर्वी वीणा वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर सूर नीट निघतो का? फार सैल सोडल्या तर निघतो का? मग प्रयत्नसुद्धा त्याच मापाने कर. पुढे भगवंतांनी त्याला एका पदराच्या वहाणा घालण्याची परवानगी दिली. तो म्हणाला, मला एकट्याला नको, सर्व भिक्षुसंघाला असेल तर घालीन. तेव्हा ती सर्वांना मिळाली.

त्याच प्रकरणात पुढे सोण कुटिकण्ण नावाचे दुसरे भिक्खू येतात. ते अवंतीकडचे. तिकडची जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली असते, हे त्यांनी भगवंतांच्या कानावर घातले. तेव्हा त्या भागासाठी अनेक पदरी जाड तळाच्या वहाणांना परवानगी मिळाली.

काका म्हणाले, "बघा, जशी जमीन तसा तळ. अडीच हजार वर्षांपूर्वी हा विचार झालेला आहे. आपण मात्र दुकानाच्या काचेत बघून बूट घेतो."

ही गोष्ट मी ऐकली आणि सोडून दिली. अर्थ पुढे तासाभरात कळला.

तळ सुटला

लेण्यांपासून उधेवाडीपर्यंतचा चढ अंगावर येणारा आहे. झाडीतून, सुट्या दगडांतून आणि घसाऱ्यावरून वाट वर जाते. मुलगी पुढे होती. अर्ध्या चढावर ती थांबली.

"बाबा, बुटाखाली काहीतरी फडफडतंय."

पाहतो तर डाव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटून लोंबत होता. आत राखाडी रंगाचा भुगा. बोट लावले तर खडूसारखा गळून पडू लागला. काकांनी सॅकमधून नायलॉनची दोरी काढून तळ बांधला. पन्नास पावले गेलो नाही तोच उजवा तळही तसाच सुटला. तोही बांधला. पण दोरी बांधलेला बूट मातीला धरत नाही. एका घसाऱ्यावर तिचा पाय सरकला आणि ती सात-आठ फूट खाली घसरत जाऊन करवंदीच्या जाळीत अडकली. जाळीच्या खाली काय होते ते मी नंतर वाकून पाहिले आणि मटकन खाली बसलो.

कोपर सोलले, घोटा मुरगळला, हातापायांत काटे गेले. एवढ्यावर निभावले. उरलेला चढ तिने एका बाजूला माझा आणि दुसऱ्या बाजूला काकांचा आधार घेत पार केला. उधेवाडीत आम्ही ज्या घरी उतरलो, तेथील ताईंनी तिचा घोटा गरम पाण्याने शेकला. मला पुढे डॉक्टरांनी सांगितले की मुरगळल्यावर पहिले दोन दिवस शेक देऊ नये, गार पाण्याची पट्टी ठेवावी. पण ताईंची माया खरी होती. सकाळी निघताना त्यांनी आपल्या घरातील रबरी चपलांचा जोड मुलीच्या पायात घातला. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझा हिशेबही चुकला. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. मुलीला गावात बसवून आम्ही उंच असलेल्या श्रीवर्धनवर गेलो. चढताना काही वाटले नाही. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला अंगठा लोखंडी टोपीवर आपटू लागला. पुढे लोणावळ्यापर्यंत सुमारे पंधरा किलोमीटरची रुंद वाट आहे. ती बऱ्यापैकी सपाट आहे, तरी मला ती संपेना. मुलगी चपलांत लंगडत होती आणि मी बुटांत. घरी आल्यावर दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली आणि महिन्याभराने गळाली. सेफ्टी शूज कारखान्यासाठी अगदी योग्य. पण ते जड असतात, पुढून वाकत नाहीत आणि त्यांची टोपी बोटाला जागा देत नाही. पायातला एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोइतका दमवतो, असे याचा अभ्यास करणारे सांगतात. ते मी अंगावर सोसून शिकलो.

काका लोणावळ्याच्या फलाटावर चहा पीत बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी मुलीला जवळ बसवून तिचे मोजे काढले आणि पाय बघितले. टाचेवर रुपयाएवढे दोन फोड होते.

ठेवून खराब झालेले बूट

ते परदेशी बूट मी पिशवीत घालून आमच्या स्टेशनाबाहेर बसणाऱ्या गटई कामगार बांधवाकडे नेले. त्यांनी तळ हातात घेऊन चुरगाळला आणि म्हणाले, "दादा, हा बूट वापरून खराब झालेला नाही, ठेवून खराब झालाय. असे महिन्याला दोन-चार येतात."

त्यांचे म्हणणे खरे आहे. अशा बुटांत खालचे रबर आणि वरचे कातडे यांच्यामध्ये फोमसारखा एक थर असतो. पुष्कळ बुटांत तो पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचा असतो. तो हलका आणि टिकाऊ खरा, पण हवेतील दमटपणामुळे काही वर्षांत आतून फुटत जातो. खोक्यात बंद करून दमट माळ्यावर ठेवला तर वरून काही दिसत नाही. डोंगरावर भार पडला की एका दिवसात भुगा होतो. किंमत कितीही असो, यातून सुटका नाही. म्हणून जुने, न वापरलेले बूट कुणी दिले तर आनंदाने घ्या, पण मधला थर नखाने दाबून पाहा. चिरा, चिकटपणा किंवा भुगा दिसला तर डोंगरावर नेऊ नका. काही दिसले नाही तरी आधी घराजवळ चार-पाच किलोमीटर चालून पाहा. फुटपाथवर जुने परदेशी बूट विकायला असतात, त्यांनाही हीच परीक्षा लावावी.

त्याच बांधवाने आणखी एक गोष्ट शिकवली. आजकाल बहुतेक बुटांचे तळ नुसते चिकटवलेले असतात. ज्या बुटाला कडेने जाड रबर आहे, त्याला नवे असतानाच चोहोबाजूंनी टाके घालून घ्यावेत. खर्च थोडा होतो आणि तळ सुटण्याची भीती पुष्कळ कमी होते.

तळाचे दात

बुटाच्या तळाला खोल दात का असतात, यामागेही माणसांच्या प्राणांची किंमत आहे. शंभर वर्षांपूर्वी डोंगर चढणारे लोक चामडी बुटांच्या तळाला लोखंडी खिळे ठोकत. एव्हरेस्टवर १९२४ साली बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरी यांचा मृतदेह १९९९ साली सापडला, तेव्हा त्यांच्या पायात असाच खिळ्यांचा बूट होता. १९३५ साली इटलीत पुंता रासिका या शिखरावर वादळात सापडून विताले ब्रामानी यांचे सहा सोबती मरण पावले. पायांतील बूट त्या हवामानाला योग्य नव्हते, हे ब्रामानींच्या मनाला लागून राहिले. पुढे दोन वर्षांत त्यांनी खोल दातांचा रबरी तळ तयार केला. १९५४ साली के-टू शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या पायांत तो होता. आज जगभर डोंगरावरच्या बुटांना त्याच धर्तीचे तळ असतात.

आमच्या काकांच्या हंटर बुटांनाही तसेच दात होते. नावावरून हे बूट शिकाऱ्यांचे. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद केली, नाव मात्र बुटाला चिकटून राहिले. परदेशांत आजही डोंगरात शिकार करणाऱ्यांसाठी वेगळे बूट बनतात. त्यांना वाट सोडून उतारावर आडवे चालावे लागते आणि येताना पाठीवर मोठे ओझे असते. म्हणून ते बूट नडगीपर्यंत उंच, तळ जवळजवळ न वाकणारा आणि वजन भरपूर. असा एखादा जोड फुटपाथवर स्वस्तात दिसला तर मोह होईल. पण एका रात्रीचे सामान घेऊन मळलेल्या पायवाटेने जाणाऱ्याला तो बूट नुसता भार होतो. ज्याचे काम त्याचा बूट, हेच खरे.

माप कसे घ्यावे

आम्ही मुलीला नवे बूट घ्यायला गेलो तेव्हा काकांना सोबत नेले. त्यांनी जे करायला लावले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

दुकानात संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून आणि चालून पाय थोडे सुजतात, डोंगरावरही सुजतात. ज्या मोज्यांत चालायचे तेच मोजे घालून न्यावेत. शाळेचे पातळ सुती मोजे घामाने ओले होतात, घासतात आणि फोड आणतात. जाडसर लोकरीचे किंवा नायलॉन मिसळलेले मोजे बरे.

बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. माप मोठ्या पायाचे घ्यावे. बुटातील आतली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवावी आणि तिच्यावर उभे राहावे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे आणि करंगळी गादीच्या बाहेर जाता कामा नये. नंबरावर विश्वास ठेवू नये. एका कंपनीचा सहा दुसऱ्या कंपनीचा साडेपाच निघतो.

मग बूट घालून, टाच मागे आपटून, लेस बांधावी. दुकानातला जिना उतरून पाहावे. उतरताना बोटे पुढे लागली तर तो बूट नको, कारण डोंगरावर तो उतार दोन-तीन तासांचा असतो. जिना चढताना टाच आत वर-खाली होत असेल तरी नको, फोड तेथेच येतात. बोटे आत मोकळी हलावीत आणि टाच जागेवर राहावी, हे बरोबर बसलेल्या बुटाचे लक्षण.

त्यानंतर बूट हातात घ्यावा. टोक आणि टाच धरून वाकवावा. तो चवड्याजवळ वाकावा, जेथे आपला पाय वाकतो. मधोमध दुमडला तर तो कच्चा. टाचेचा मागचा भाग दाबून पाहावा, तो घट्ट हवा. तळाचे दात खोल असावेत, पण रबर दगडासारखे कडक नको. नखाने दाबले तर थोडे दबावे. कडक प्लास्टिकसारखा तळ ओल्या कातळावर साबणासारखा घसरतो. अर्थात शेवाळावर कोणताच बूट धरत नाही, तेथे पायानेच सांभाळायचे.

पावसात पाणी न शिरणारे महागडे बूट घ्यावेत काय? सह्याद्रीतला पाऊस वरून बुटात शिरतो आणि ओढ्यात तर गुडघाभर पाणी असते. आत गेलेले पाणी त्या बुटातून लवकर बाहेर पडत नाही. पावसाळ्यासाठी पाणी निथळून जाईल असा जाळीचा, चांगल्या दातांचा हलका बूट पुष्कळ बरा.

आम्ही दुकानदाराला मुलींचे बूट मागितले तर त्याने गुलाबी रंगाचे, पातळ तळाचे जोड काढले. काका म्हणाले, "रंग नको, तळ दाखवा." मुलांच्या कपाटातला पाच नंबर तिला नेमका बसला. वरून थोडा रुंद वाटला, तो जाड मोज्याने भरून निघाला. आपल्या मुलींना डोंगरावर नेणार असाल तर दुकानात असेच ठामपणे बोलावे लागेल.

आणखी एक सांगतो आणि ते मी स्वतःलाच सांगत आहे. आपल्या घरांत पोरांना वाढत्या अंगाचे म्हणून एक-दोन नंबर मोठे बूट घेतात आणि पुढे कापूस कोंबतात. आमच्या आई-वडिलांनी तेच केले, आम्हीही तेच केले. त्यात काटकसर होती, हेळसांड नव्हती. शाळेच्या सपाट रस्त्यावर ते खपून जाते. डोंगरावर तो कापूस जीवावर बेततो. दोन जोड घेण्याची ऐपत नसेल तर एकच घ्यावा, पण आजच्या पायाचा घ्यावा. लहान झाला की वस्तीतल्या दुसऱ्या मुलाला द्यावा. आमच्या वसाहतीत आता तशी पद्धतच पडली आहे. बूट माळ्यावर पडून राहत नाहीत आणि कुणाची पंचाईतही होत नाही.

नवे बूट थेट डोंगरावर नेऊ नयेत. दोन आठवडे घरात, बाजारात आणि जिन्यांवर वापरावेत. नखे कापावीत. कुठे चुरचुरले की लगेच थांबून चिकटपट्टी लावावी, फोड येण्याची वाट पाहू नये. चढताना लेस घोट्याजवळ किंचित सैल ठेवावी, उतरण्यापूर्वी थांबून घट्ट करावी. फार आवळली तर पाय बधिर होतो आणि सैल सोडली तर बोटे पुढे आपटतात. काका प्रत्येक उताराआधी ओरडतात, "तारा लावून घ्या रे!" पोरांना आता त्याचा अर्थ ठाऊक आहे.

घरी आल्यावर चिखल गार पाण्याने धुवावा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून बूट सावलीत वाळवावेत. चुलीजवळ किंवा गॅसजवळ ठेवले तर चामडे तडकते आणि डिंक सुटतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नयेत.

पुन्हा त्याच वाटेने

माझे आजोबा सांगत की त्यांच्या तरुणपणी गावातून जाताना वहाणा पायातून काढून हातात घ्याव्या लागत. त्यांनी सरकारी कामाचे टपाल घेऊन तालुक्यापर्यंत अनवाणी फेऱ्या मारल्या. त्यांना कुणी विचारले नाही की पायाला काय लागते. त्यांच्या पणतीला दुकानात बसवून अर्धा तास माप घेतले, चार जोड बदलून पाहिले, तेव्हा मला आजोबांचे भेगाळलेले तळवे आठवले. बूट नीट निवडून घेणे ही चैन आहे, असे मी आता म्हणत नाही.

डोंगर आपल्या मुलांचा नाही, असेही कुणी म्हणू नये. २५ मे २०१४ रोजी आजच्या तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळेत शिकणारी मालावत पूर्णा ही आदिवासी शेतमजुराची मुलगी तेरा वर्षे अकरा महिन्यांची असताना एव्हरेस्टवर पोचली. तिच्याच सोबत तशाच शाळेतला साधनापल्ली आनंदकुमार हा दलित मुलगाही शिखरावर होता.

पुढच्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा कोंडिवड्याला उतरलो. मुलीच्या पायात कडेने टाके घातलेले तिचे स्वतःचे बूट होते. माझ्या पायात काकांसारखेच खाकी हंटर बूट. ते माझ्या मापाचे निघाले आणि खिशालाही परवडले. करवंदीच्या जाळीपाशी मुलगी थांबली. मी म्हटले, "पोरी, हात दे."

ती म्हणाली, "नको बाबा. तुम्ही आधी तुमच्या तारा लावून घ्या."

घसाऱ्यावर पाय आडवा ठेवत, एकेक पाऊल रोवत ती वर गेली. उधेवाडीत त्या ताईंच्या घरी आम्ही आधी गेलो. त्यांच्या रबरी चपला मुलीने वर्षभर धुऊन जपून ठेवल्या होत्या, त्या परत दिल्या आणि सोबत त्यांच्या मापाचा एक नवा जोडही दिला. माप कसे कळले, असे ताईंनी विचारले. मुलगी म्हणाली, "मावशी, तुमच्या चपलेवर उभी राहूनच तर मी लोणावळ्यापर्यंत गेले होते."

वाचकहो, या थंडीत मुले डोंगरावर जायचा हट्ट धरतील तर अडवू नका. त्यांना जाऊ द्या, शक्य असेल तर सोबत जा. फक्त निघण्याआधी त्यांना खाली बसवा, बूट उलटा करून तळ पाहा आणि अंगठ्यापुढे बोट घालून जागा तपासा. पाच मिनिटांचे काम आहे.